एकोणीस नावांचे स्मारक

जपान देशाच्या दक्षिण भागात कागोशिमा नावाचे शहर आहे. शहरासमोर खाडी आहे आणि खाडीत साकुराजिमा नावाचा जागता ज्वालामुखी आहे. त्याची राख अधूनमधून शहरावर पडते. मग लोक पाऊस नसतानाही छत्री उघडून चालतात!

या शहराच्या मोठ्या स्टेशनातून बाहेर आले, की समोर एक उंच स्मारक दिसते. त्यावर तरुणांचे ब्राँझचे पुतळे आहेत. शहराची वस्ती पाच लाखांवर गेली, त्याची आठवण म्हणून नाकामुरा शिन्या या शिल्पकाराकडून ते करून घेतले. वर्ष होते 1982.

कोण हे तरुण? राजे नव्हेत, लढाई जिंकलेले वीरही नव्हेत. हे शिकायला गेलेले विद्यार्थी आणि त्यांना घेऊन जाणारी मंडळी.

त्या काळी जपानात सम्राट नावाचा होता. कारभार शोगुनच्या हाती होता. आपल्याकडे छत्रपती साताऱ्यास आणि कारभार पेशव्यांकडे, तसे समजा. शोगुनच्या हाताखाली अनेक संस्थाने होती. कागोशिमा ही सत्सुमा संस्थानची राजधानी. तलवार बाळगणाऱ्या शिपाईगड्यांना सामुराई म्हणत.

1862 साली सत्सुमाच्या मिरवणुकीत काही इंग्रज घोड्यावरून शिरले. सामुराईंनी त्यांतल्या एका व्यापाऱ्याला ठार केले. पुढच्या वर्षी इंग्रजांची सात लढाऊ जहाजे खाडीत आली. तोफा सुटल्या, शहराचा बराच भाग जळाला. इंग्रजांचीही माणसे पडली, पण सत्सुमाच्या लोकांना कळायचे ते कळले. तलवारीने या तोफांपुढे निभाव लागायचा नाही.

मग त्यांनी काय केले? ज्याने शहर जाळले, त्याच्याच घरी पोरे शिकायला पाठवली. या लढाईत गोदाई आणि तेराशिमा हे दोघे इंग्रजांच्या हाती कैद झाले होते. दोन वर्षांनी तेच दोघे या पोरांबरोबर विलायतेला निघाले. मला तर ही गोष्ट लढाईपेक्षा मोठी वाटते.

पण एक अडचण होती. परदेशी जायला शोगुनची बंदी होती. पकडला गेला तर देहदंड! निवडलेल्यांपैकी काहींनी चक्क नाही म्हटले. त्यांच्या जागी दुसरे घेतले. मग संस्थानाने युक्ती केली. बेटांच्या पाहणीला चाललो आहोत असे सांगायचे, आणि प्रत्येकाने खोटे नाव घ्यायचे.

हाशिमा नावाच्या कोळ्यांच्या गावी ही मंडळी सुमारे दोन महिने जहाजाची वाट पाहत राहिली. 17 एप्रिल 1865 रोजी जहाज सुटले. हाँगकाँग, सिंगापूर आणि आपली मुंबई करत ते सुएझला पोचले. कालवा तेव्हा झाला नव्हता, म्हणून तेथून आगगाडीने समुद्राच्या दुसऱ्या काठाला गेले. 21 जूनला विलायतेचा किनारा लागला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात बहुतेकांचे शिक्षण सुरू झाले. विल्यमसन नावाच्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांनी त्यांना आधार दिला. पुढे पैसा कमी पडला, काही जण वर्षभरातच परतले.

सर्वांत लहान पोरगा होता तेरा वर्षांचा, इसोनागा हिकोसुके. कॉलेजात घेण्याजोगे वय नाही, म्हणून त्याला स्कॉटलंडमध्ये शाळेत घातले. त्याचे खोटे नाव नागासावा कानाए. तो पुढे अमेरिकेत कॅलिफोर्नियात गेला. तेथे द्राक्षमळा वाढवला, दारू गाळण्याच्या धंद्यात नाव कमावले. 1934 साली वारला तो नागासावा म्हणूनच. तेथील कायद्यामुळे त्याची जमीन मात्र जपानी वारसांना मिळाली नाही.

मोरी आरिनोरी 1885 साली जपानचा पहिला शिक्षणमंत्री झाला. चार वर्षांनी त्याचा खून झाला. मुराहाशी हिसानारी याने उत्तरेकडे सप्पोरोत बिअरचा कारखाना उभा केला. पण पुढे नोकरी आणि घरदार सोडून तो भटकत राहिला. 1892 साली कोबे शहरात रस्त्यावर पडलेला सापडला आणि तेथेच मेला.

आता पुतळ्यांचा हिशेब पाहू. जहाजावर गेले एकोणीस, 1982 साली चौथऱ्यावर उभे राहिले सतरा. दोघे कुठे गेले? होरी ताकायुकी हा दुभाषा, पण नागासाकीचा. ताकामी याइची हा तोसा संस्थानचा. दोघे जन्माने सत्सुमाचे नव्हेत, म्हणून वगळले. वास्तविक दुभाष्याशिवाय बाकीच्यांचे परदेशात पानही हलले नसते. आणि ताकामी? तो परतल्यावर याच कागोशिमात गणित शिकवीत राहिला. परक्या गावचा मास्तर म्हणून त्याला बाजूला ठेवला, हे मला पटत नाही.

शहरातल्या लोकांनाही ते सलत होते. अखेर 2020 साली, म्हणजे अडतीस वर्षांनी, त्या दोघांचे पुतळे घडवून बाकीच्यांजवळ उभे केले. आज स्टेशनातून बाहेर येणाऱ्याने मोजले तर पुतळे एकोणीस भरतात.