गंज परवडला, घासणं नको

टूलरूममध्ये उमेदीची वर्षं घालवलेल्या माणसाकडे ओळखीपाळखीचे लोक जुनी हत्यारं घेऊन येतात. कुणाला आजोबांच्या पेटीत बिडाचा रंधा सापडलेला असतो, तर कुणी बुधवारी किंवा रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारातून पटाशी उचललेली असते. गंजून लाल झालेलं हत्यार समोर आलं तर मला काही वाटत नाही. चकाकत आलेलं दिसलं की धस्स होतं.

अशाच एका मित्राचा रंधा आला. बेली पद्धतीचा, इंग्लंडमध्ये घडलेला. लिओनार्ड बेलीच्या रंध्यांचे हक्क स्टॅन्ले कंपनीनं १८६९ साली घेतले आणि पुढे साऱ्या जगानं तीच रचना उचलली, म्हणून हे घराणं ओळखायला सोपं. मित्रानं तो एका पॉलिशवाल्याकडून बफ करून आणला होता. तळ आरशासारखा, पण सागाच्या फळीवर ढलपी काही निघेना. पातं जरा खाली सोडलं की अडकायचं, वर घेतलं की नुसतंच घसरायचं. तळावर सरळपट्टी उभी धरून उजेडासमोर पाहिलं, तर दोन्ही टोकांना फट. तळाला पोट सुटलं होतं आणि कडा गोल झाल्या होत्या. मऊ चाक कडेला जास्त खातं, त्याला तळ आणि बाजू यांतला फरक कळत नाही. बारीक ढलपी असते मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढी. फट त्याहून मोठी असेल तर पात्यानं करायचं काय?

म्हणून आधी मोजा. सरळपट्टी आणि फीलर गेज एवढं पुरे. तळ सगळीकडे टेकायला हवा असंही नाही. नाकाशी, तोंडाच्या अगदी पुढच्या कडेला आणि शेपटीशी टेकला की काम होतं. मधे थोडी खोलगट जागा राहिली तर राहू द्या. घासायचंच ठरलं तर जाड काचेवर पॉलिश पेपर चिकटवून घासा. सुटा पेपर रंध्यापुढे फुगतो आणि पुन्हा कडा गोल करतो. पातं जागेवर बसवून, कळ नेहमीसारखी दाबून, फक्त धार तळाच्या आत ओढून घ्या. कळीच्या दाबानं बिडाचं अंग किंचित वाकतं, आणि आपल्याला तळ सपाट हवाय तो त्या दाबाखाली. तळावर मार्करनं रेघा मारून ठेवल्या तर कुठे घासलं जातंय ते दिसतं. त्या तीन जागच्या रेघा पुसल्या की हात थांबवायचा. पुढचं घासणं म्हणजे हौस.

पात्याची गोष्ट अधिक वाईट होती. टोकाला निळसर झाक होती, म्हणजे कुणीतरी ग्राइंडरवर जोर लावून धार काढली होती. साध्या कार्बन पोलादाला २२०-२३० अंशांना गवती पिवळा रंग चढतो, ३०० च्या आसपास निळा. निळं झालं की पात्याचं पाणी उतरलं. सागात वाळूच्या जातीचे बारीक कण असतात, ते असली मऊ धार बघता बघता खाऊन टाकतात. निळा रंग पॉलिश पेपरनं जातो, उतरलेलं पाणी परत येत नाही, आणि विकणाऱ्यांना हे चांगलं ठाऊक असतं. म्हणून घेण्याआधी पात्याच्या कोपऱ्यावर बारीक कानस फिरवून बघावी. घसरली तर पाणी शाबूत, सहज चावली तर गेलेलं. उपाय एकच: मऊ झालेला भाग संपेपर्यंत मागे जायचं, हलक्या हातानं, पाणी जवळ ठेवून. पातं उघड्या बोटांनी धरा. बोटाला चटका बसला की बुडवा.

गंज काढायला लिंबूसत्त्वाचं पाणी चालतं, पण हत्यार त्यात टाकून गावाला जाऊ नका. गंज संपला की ते लोखंडाकडे वळतं. काढल्यावर खायच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून लगेच पुसून तेल लावा. धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बॅटरी चार्जर लावून गंज सोडवायचीही रीत आहे. त्यात सोड्याऐवजी मीठ घालू नये, विषारी क्लोरीन निघतो. दुसऱ्या तारेला स्टीलचा चमचा लावू नये, स्टेनलेसमधलं क्रोमियम पाण्यात उतरतं आणि ते घातक असतं. साधा लोखंडी तुकडा लावा आणि खिडक्या उघड्या ठेवा, कारण निघणारा हायड्रोजन ठिणगीनं पेटतो.

बेलीच्या रंध्यात पातं खालीवर करणाऱ्या पितळी चाकाचे आटे उलटे असतात. जाम झालेलं चाक नेहमीच्या दिशेनं जोर लावून सोडवायला जातात आणि आटेच मारतात. तेल सोडा, रात्रभर थांबा. हरवलेल्या स्क्रूच्या जागी दुकानातला मेट्रिक स्क्रू ठोकू नका, त्याचे आटे जुळत नाहीत.

मोठ्या यंत्रांबद्दल मी फारच भित्रा आहे आणि तसाच राहणार. जुन्या यंत्राचा रंग शिशाचा असू शकतो. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमपेक्षा जास्त नको, हा नियम आपल्याकडे २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याआधीचा डबा कुठला ते कोण सांगणार? तो रंग ग्राइंडरनं उडवायचा नाही, ओला करून खरवडायचा. आणि रंध्याच्या मशीनची मुंडी, म्हणजे ज्यात पाती बसतात तो फिरता भाग, चौकोनी असेल तर मशीन चालू करायचंच नाही. गोल मुंडीत बोट शिरायला जागा थोडी असते, चौकोनीत सपाट बाजूसमोर मोठी पोकळी राहते आणि हात आत ओढला जातो. असलं एक मशीन दुरुस्तीला आलं, तेव्हा मी मुंडी काढून भंगारात घालायला लावली. बिडाचं टेबल मात्र उत्तम सपाट होतं, ते मालकानं पटाशा घासायला ठेवून घेतलं.