दिवा जुना, तेल कोणतं?

जुने दिवे जमवणाऱ्यांना लग्नसराईत हल्ली भाव आलाय. मांडवात 'वाड्याचा फील' हवा असतो ना! अशाच एका लग्नाला माझे काही कंदील आणि एक पितळी टेबललॅम्प गेला. रॉकेल आता सहजी मिळत नाही. सजावटवाल्याच्या पोराने हाताशी होता तो रंगाचा थिनर टाकीत ओतला. वात पेटवताच ज्योत काचेच्या वर गेली आणि बर्नरभोवतीही जाळ धरला. आचाऱ्याने ओलं पोतं टाकलं म्हणून निभावलं. कुणी बादलीभर पाणी मारलं असतं तर पेटता थिनर पाण्यावर तरंगत मांडवभर पसरला असता.

रॉकेलची वाफ साधारण ३५ ते ३८ अंश सेल्सिअसच्या खाली पेट घेत नाही. (म्हणजे मे महिन्यातल्या विदर्भात तेही गरीब नाही.) थिनर आणि पेट्रोल यांची वाफ मात्र गार हवेतही भडकते. त्यात दिव्याची टाकी ज्योतीखालीच तापत असते. हा धोका जुनाच आहे. १८५९ मध्ये अमेरिकेत टायटसव्हिलला ड्रेकच्या विहिरीला तेल लागलं, तेव्हा मोटारी नव्हत्या. नॅफ्थासारख्या हलक्या भागाला गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून लबाड व्यापारी तो रॉकेलात मिसळून खपवत. दिवे भडकून घरंदारं जळाली, माणसं गेली. विकण्याआधी तेल किती अंशांना पेट घेतं हे तपासण्याचे कायदे आले ते त्यातूनच. मी आता बाहेर दिवे देतो ते आत एलईडी बसवूनच. कुणाला ते खोटं वाटलं तर वाटो.

घरात जुना दिवा लावायचाच असेल, तर आधी त्याची वात बघा. तेल कोणतं ते तीच सांगते. समई, पणती, लामणदिवा यांत वात तेलात लोळते आणि ज्योत तेलालगत असते, कारण गोडं तेल, करंजेल किंवा कोकणातलं उंडीचं तेल घट्ट. ते फार उंच चढत नाही. उघड्या समईत रॉकेल ओतलं तर वातीबरोबर आतलं सगळं तेलच पेटू शकतं. उलट ओगलेवाडीच्या 'प्रभाकर'सारख्या कंदिलाची वात लांब, रॉकेल तिच्यातून भराभर वर येतं. त्यात गोडं तेल घातलंत तर वात काजळून दिवा विझेल, एवढंच.

जुन्या बाजारातून कंदील आणलात तर टाकीत पाणी भरून रात्रभर कागदावर ठेवा. कागद ओला झाला, तर तो कंदील शोभेलाच. वात नळीत घट्ट बसली पाहिजे, सैल वातीच्या फटीतून जाळ टाकीत उतरू शकतो. टाकी काठोकाठ भरू नका. पेटत्या दिव्यात तेल घालणं तर नाहीच. बंद खोलीत कंदील लावून झोपू नका.

आणि रॉकेल कधीही पाण्याच्या बाटलीत ठेवू नका. लहान मुलं पाणी समजून पितात. तसं झालंच तर मुलाला उलटी करायला लावू नका, कारण उलटीबरोबर ते फुप्फुसात जातं. तडक दवाखाना गाठा.