आधी बोट नकाशावर, मग डोळे पाठावर

बाई, भूगोल म्हणजे घोकंपट्टी असं तुला कुणीतरी सांगून ठेवलंय. ते आधी डोक्यातून काढ. दहावीचा भूगोलाचा पेपर चाळीस गुणांचा. त्यात नकाशा भरायचा असतो, आलेख काढायचा असतो, 'भौगोलिक कारणे लिहा' असतं. यातलं एकही पाठ करून येत नाही.

पाठ वाचताना ॲटलास शेजारी उघडा ठेव. नदीचं नाव आलं की उगमावर बोट टेकव आणि समुद्रापर्यंत ओढत ने. सुरुवात आपल्याच पाण्याने कर. गोंदियाजवळून पांगोली जाते, ती बाघेला मिळते, बाघ वैनगंगेला. वैनगंगा शिवनी जिल्ह्यातून निघालेली. पुढे वर्धेला भेटून ती प्राणहिता होते, मग गोदावरी, मग बंगालचा उपसागर. मुंबई आपली राजधानी, पण आपलं पाणी तिकडे जात नाही, कारण पठाराचा उतार पूर्वेकडे. हे बोटाला कळलं की ॲमेझॉनही सोपी. पश्चिमेला अँडीज उभा, मग ती अटलांटिककडे जाणार नाही तर कुठे जाणार?

समोच्चरेषा तुमच्या वर्गात कुणालाच कळत नाहीत म्हणतेस. उन्हाळ्यात एखाद्या मामा तलावावर जा. मामा म्हणजे माजी मालगुजारी, एवढं लक्षात ठेव. पाणी उतरत जातं तसतशा काठावर चिखलाच्या रेषा उमटतात, एकाखाली एक. एका रेषेवरची सगळी जागा सारख्या उंचीची. रेषा दाट असतील तिथे काठ उभा, विरळ असतील तिथे म्हशी आरामात उतरतात. आता वही काढ आणि त्या रेषा वरून पाहिल्यासारख्या काढ. झाला समोच्चरेषा नकाशा. मग पाळीवर चढ. एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला पायरीपायरीने उतरलेल्या धानाच्या बांध्या. आपल्या भागात कोहळी लोकांनी असे कितीतरी तलाव बांधले, आणि उतार त्यांनी नजरेनेच जोखला. तिथे काम करणाऱ्या माणसांना विचार: पाणी कधी सोडता, आधी कुणाच्या बांधीत? माती कुठली, मोरांड की सिहार की खरडी? दहावीच्या पुस्तकाचा पहिलाच पाठ क्षेत्रभेटीचा आहे. त्याची प्रश्नावली इथेच तयार होते.

कारणं लिहिताना पोरं एका वाक्यात उरकतात. 'गोंदियात भातगिरण्या आहेत, कारण तिथे धान पिकतं.' असल्या उत्तराला अर्धेच गुण मिळतात आणि तेवढेच मिळायला हवेत. अजून एक पाऊल पुढे जा. शंभर किलो धान भरडलं की तांदूळ हाती येतो साधारण पासष्ट-सदुसष्ट किलो. उरतं ते तूस आणि कोंडा. तूस लांबवर वाहून कोण नेणार? म्हणून गिरणी शेताजवळ. तांदूळ मात्र लांब जायला हवा, त्यासाठी जंक्शन आहेच: नागपूर, रायपूर, बालाघाट, बल्लारशाह, चारी दिशांना रूळ.

रेखावृत्तांच्या गणिताला घाबरू नकोस. प्रमाणवेळ 82°30' पूर्वची. गोंदिया सुमारे 80°12' वर. एका अंशाला 4 मिनिटं, म्हणजे आपण सुमारे 9 मिनिटं मागे. मुंबई 39 मिनिटं मागे. खरं वाटत नसेल तर दिवेलागणीला मुंबईच्या आत्याला फोन कर. आपल्याकडे अंधारलेलं असेल तेव्हा तिच्या खिडकीत अजून उजेड असेल.

तुमच्या पुस्तकातल्या ब्राझीलचं एकच सांगतो. तो देश बहुतेक दक्षिण गोलार्धात आहे. जुलैत इथे रोवणी चालते तेव्हा दक्षिण ब्राझीलमध्ये हिवाळा असतो. हवामानाचा तक्ता वाचताना महिन्यांवर आधी नजर टाक, पोरं तिथेच फसतात.

आणि भिंतीवरचा जुना नकाशा अभ्यासाला वापरू नकोस. 1 मे 1999 ला आपला जिल्हा वेगळा झाला, त्या नकाशात आपण अजून भंडाऱ्यातच आहोत! कोरे नकाशे आणून रोज एक भर. आधी सूची कर, मग चिन्हं. टोकदार पेन्सिल वापर, आणि नदीचं नाव नदीच्या वळणाने लिही. आलेखाला प्रमाण लिहायला विसरू नकोस. परीक्षेत नकाशाच्या पुरवणीवर बैठक क्रमांक टाक आणि ती उत्तरपत्रिकेला स्वतःच्या हाताने बांध.