अबोल विद्यार्थी आणि त्याची अंतःस्फूर्ती

विलेपार्ल्याच्या पार्ले टिळक विद्यालयाची स्थापना 1921 साली झाली. योगायोग असा की, त्याच वर्षी स्वित्झर्लंडमधील मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांचा व्यक्तिमत्त्वाच्या प्रकारांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि ‘अंतर्मुख’ व ‘बहिर्मुख’ हा भेद शिक्षणशास्त्राच्या चर्चेत येऊ लागला. पु. ल. देशपांडे हे याच विद्यालयाचे विद्यार्थी. सभा, मैफल, रंगभूमी, कोठेही समोर माणसे असली की त्यांची प्रतिभा फुलून येई. अशा उदाहरणांचा मोह मोठा असतो. हुशार मूल म्हणजे बोलके मूल, असे समीकरण पालकांच्या व शिक्षकांच्याही मनात नकळत बसते आणि वर्गात मागील बाकावर गप्प बसणारे मूल ‘मंद’ ठरते.

अंतर्मुखता म्हणजे भिडस्तपणा नव्हे. भिडस्त मुलास बोलावयाचे असते, परंतु भय आड येते. अंतर्मुख मुलास भय असतेच असे नाही. त्याचे मन बाहेरच्या घडामोडींपेक्षा आतल्या विचारांत अधिक रमते. युंग यांनी मनाचे चार व्यापार मानले: संवेदन, विचार, भावना आणि अंतःस्फूर्ती. अंतःस्फूर्तीचा विशेष हा की, मधल्या पायऱ्या जाणिवेत न येताच निष्कर्ष समोर उभा राहतो. हे दोन्ही गुण ज्याच्या ठायी एकत्र येतात, त्याचे शाळेतील जीवन सोपे नसते.

मराठी साहित्यात या वृत्तीची आठवण करून देणारे लेखक म्हणजे जी. ए. कुलकर्णी (1923–1987). बेळगावच्या परिसरात वाढलेल्या या लेखकाने धारवाड येथील महाविद्यालयात अनेक वर्षे इंग्रजी शिकविले. समारंभ त्यांनी टाळले, व्यासपीठ टाळले, छायाचित्रही टाळले. ‘काजळमाया’ या कथासंग्रहास 1973 साली मिळालेला साहित्य अकादमीचा पुरस्कार त्यांनी पुढे परत केला. परंतु याच माणसाने स्नेह्यांना लिहिलेल्या पत्रांचे खंडच्या खंड निघाले आणि पु. लं.च्या पत्नी सुनीताबाई यांनी त्यांना लिहिलेली पत्रेही ‘प्रिय जी. ए.’ या नावाने ग्रंथरूपाने आली. माणसांचा तिटकारा असलेला मनुष्य अशी पत्रे लिहीत नसतो. त्यास लागतो तो अवधी, आणि एका वेळी एकच श्रोता. अर्थात दिवंगत लेखकाची मानसिक चाचणी कोणी घेतलेली नाही; येथे केवळ वर्तनाकडे बोट दाखविले आहे.

अंतःस्फूर्तीचे बळ आणि उणीव दोन्ही पाहावयाची असल्यास श्रीनिवास रामानुजन यांच्याकडे वळावे. 1913 साली त्यांनी केंब्रिजच्या हार्डी यांना पाठविलेल्या पत्रात अनेक सूत्रे होती, सिद्धता जवळजवळ नव्हत्याच. पुष्कळ सूत्रांनी हार्डी थक्क झाले. मूळ संख्यांविषयीची काही विधाने मात्र चुकीची निघाली. अंतःस्फूर्ती खरे आणि खोटे सारख्याच खात्रीने सांगते, हाच तिचा दोष. चौथीच्या वर्गातही हेच घडते. उत्तर बरोबर, रीत कोरी. अशा वेळी ‘नक्कल केली’ असा संशय घेणे हा अन्याय होय; पण ‘रीत नको’ म्हणणे हीदेखील त्या मुलाची हानीच आहे. त्यास उत्तरापासून मागे चालावयास लावावे: हे उत्तर चुकीचे असते, तर कोठे अडले असते?

दुसरी उणीव कामाच्या तपशिलाची. असे मूल निबंधाची कल्पना उत्तम मांडते आणि वही घरी विसरते. प्रकल्पाचा आराखडा काढते आणि कागद चिकटविण्यापूर्वीच त्याचे मन पुढील कल्पनेकडे जाते. गटकार्यात ते ऐकून घेते, मनातल्या मनात निर्णय करते, पण तो सांगत नाही. मग गट चुकला तरी ते गप्पच. पुढे हीच सवय अंगवळणी पडते.

सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन 2010 साली राज्यात सुरू झाल्यापासून वर्णनात्मक नोंदींस महत्त्व आले. ‘अबोल आहे’, ‘सहभाग घेत नाही’ ही वाक्ये लिहावयास सोपी. पण ती वर्षानुवर्षे मुलाच्या मागे लागतात. याउलट ‘हा अमुक प्रकारचा’ असा शिक्का मारणेही बरे नव्हे. युंग यांच्या कल्पनेवरून अमेरिकेत ब्रिग्ज व मायर्स या मायलेकींनी सोळा प्रकारांची प्रश्नावली रचली; ती काही आठवड्यांनी पुन्हा सोडविल्यास पुष्कळांचा प्रकारच बदलतो. बहुतेक माणसे दोन टोकांच्या मध्ये कोठेतरी असतात, आणि वाढत्या वयातील मुले तर अधिकच.

प्रश्न विचारल्यावर हात वर होण्याची वाट पाहण्याआधी अर्धा मिनिट सर्वांस पाटीवर वा वहीत उत्तर लिहू द्यावे, मग शेजाऱ्यास सांगू द्यावे, मग वर्गास. साठ मुलांच्या वर्गातही याला खर्च येत नाही. आणि महिन्याच्या नोंदीत ‘बोलत नाही’ याऐवजी त्या पाटीवर काय लिहिले होते, ते उतरवून ठेवावे.