शॉर्टस्टॉपची जागा

वर्गातल्या पृथ्वीच्या गोलावर दक्षिण अमेरिका बघा. तिच्या अगदी वरच्या अंगाला व्हेनेझुएला देश आहे. तिथे माराकाइबो नावाचे शहर एका मोठ्या सरोवराच्या काठी आहे. त्या सरोवराच्या तळाखालून खनिज तेल काढतात. आपण जसे क्रिकेट खेळतो तशी तिथली पोरं बेसबॉल खेळतात.

बेसबॉलची बॅट मुसळासारखी गोल असते. फटका मारायचा, तीन बेसना शिवत पळायचे आणि परत मारायच्या जागी यायचे, म्हणजे एक धाव. दुसऱ्या नि तिसऱ्या बेसच्या मध्ये जो गडी उभा राहतो त्याला शॉर्टस्टॉप म्हणतात. त्याच्याकडे चेंडू सारखे जमिनीवरून सणसणत येतात. अडवायचा आणि लगेच फेकायचा. मला तर हीच जागा सगळ्यात अवघड वाटते.

माराकाइबोत लुईस अपारिसिओ नावाचे नामांकित शॉर्टस्टॉप होते. २९ एप्रिल १९३४ ला त्यांना मुलगा झाला. त्याचेही नाव लुईसच ठेवले. (आपल्याकडे असे ठेवत नाहीत.) मुलगा १९ वर्षांचा झाला. १८ नोव्हेंबर १९५३ च्या सामन्यात वडील खेळायला उतरले. पहिला चेंडू त्यांनी तसाच सोडला, आणि सगळ्या लोकांसमोर आपली जागा मुलाला देऊन टाकली. मला ही गोष्ट फार आवडली. माझ्या वडिलांना विचारले, तुम्ही दिली असती का? ते नुसते हसले.

पुढे लुईस अमेरिकेत शिकागोच्या व्हाइट सॉक्स संघात गेला. व्हाइट सॉक्स म्हणजे पांढरे मोजे! तिथे आधी चिको कारास्केल हा शॉर्टस्टॉप होता. तोही व्हेनेझुएलाचाच, नि खूप चांगला खेळायचा. पण त्याला दुसऱ्या संघात पाठवले, आणि १९५६ साली त्याच्या जागी लुईस आला. मला चिकोचे वाईट वाटते.

लुईसची उंची पाच फूट नऊ इंच. आमच्या घरात एवढे उंच कोणीच नाही, पण तिकडे त्याला लिटल लुई म्हणायचे. पळण्यात मात्र तो भारी होता. समोरचा चेंडू टाकतो तेवढ्यात पुढचा बेस गाठायचा, याला बेस चोरणे म्हणतात. १९५६ ते १९६४ अशी सलग नऊ वर्षे अमेरिकन लीगमध्ये सगळ्यात जास्त बेस त्यानेच चोरले. एकूण ५०६! आजी म्हणाली, "चोरीचं कसलं रे कौतुक?" मग मी तिला अंगणात पळून दाखवले.

१९६६ साली तो बाल्टिमोरच्या संघात होता, तेव्हा त्यांनी वर्ल्ड सीरिज जिंकली. १९७३ मध्ये त्याने खेळणे थांबवले. अठरा वर्षे तो एकाच जागी खेळला, शॉर्टस्टॉपला. १९८४ साली त्याचे नाव हॉल ऑफ फेममध्ये लागले. हा मान मिळालेला तो पहिला व्हेनेझुएलाचा खेळाडू.

त्याचा ११ नंबर व्हाइट सॉक्सने दुसऱ्या कोणाला द्यायचा नाही असे ठरवले होते. पण २०१० मध्ये ओमार विझकेल त्या संघात आला. तोही शॉर्टस्टॉप, तोही व्हेनेझुएलाचा. लुईस म्हणाला, त्याला घालू द्या.

— इयत्ता चौथी