घेण्याचा मूड, ऐकण्याचा मूड

जॅझच्या रेकॉर्ड्स जमवणारा माणूस दुकानात उभा असतो तेव्हा त्याचं मन एका अवस्थेत असतं, आणि तीच रेकॉर्ड घरी टर्नटेबलवर ठेवतो तेव्हा दुसऱ्याच. दुकानात उत्सुकता असते, समोरची वस्तू दुसरा कोणी उचलेल ही धास्ती असते, कव्हरच्या देखणेपणाची भूल असते, 'ही आपल्याकडे नाही' ही टोचणी असते. घरी यातलं काहीच उरत नाही. तिथे दिवसभराचा शीण असतो, सुट्टीची सैल सकाळ असते, नाहीतर डोक्यात घोळणारी एखादी काळजी. आणि त्या मनाला काय हवं असेल याचा दुकानातल्या मनाला पत्ता नसतो. बऱ्याच संग्रहांत एकदाच वाजलेल्या किंवा कधीच न वाजलेल्या रेकॉर्ड्स एवढ्या का सापडतात, याचं उत्तर मला याच तफावतीत दिसतं. या नादात मुरल्यावर जे कळलं ते नव्याने या वाटेला लागलेल्यांना सांगावंसं वाटतं: घेताना घेण्याच्या मूडवर विसंबू नका, आणि ऐकताना त्या एका दिवसाच्या मूडला कायमचा निकाल देऊ देऊ नका.

पहिला मोह क्रमांकांचा. 'ब्लू नोट' ही कंपनी 1939 साली न्यूयॉर्कमध्ये बर्लिनहून आलेल्या आल्फ्रेड लायनने सुरू केली. पुढे त्याचा मित्र फ्रान्सिस वुल्फ याचे फोटो, रीड माइल्सची कव्हरं आणि रूडी व्हॅन गेल्डरचं ध्वनिमुद्रण असं काही जुळून आलं की या रेकॉर्ड्स हातात घेतल्या की खाली ठेववत नाहीत. व्हॅन गेल्डर 1959पर्यंत न्यू जर्सीतल्या हॅकेनसॅक इथे आईवडिलांच्या घरातल्या दिवाणखान्यात ध्वनिमुद्रण करत असे, ही गोष्ट कळली की ओढ आणखी वाढते. कंपनीची 1501 क्रमांकापासूनची मालिका पुरी करण्याचा ध्यास म्हणूनच अनेकांना लागतो. पण या क्रमाकडे नीट पाहा. 1510 आणि 1511 वर थेलोनियस मंक आहे: अडखळत, मधेच थबकून, नको त्या जागी बोट ठेवल्यासारखा वाटावा असा त्याचा पियानो. त्याला लागूनच 1512 वर जिमी स्मिथचा ऑर्गन आहे, भरगच्च आणि अंगात ताल भिनवणारा. दोघेही थोर. पण मंक ऐकायला मन जागं लागतं, एकेका सुराशी थांबायची तयारी लागते. जिमी स्मिथ घरात चार माणसं जमलेली असतानाही रंगतो. क्रमांक कंपनीच्या सोयीने पडलेले असतात, ऐकणाऱ्याच्या दिवसांशी त्यांचं नातं नसतं. मालिकेतली रिकामी जागा भरल्याचं समाधान खरं असतं, फक्त ते कानाचं समाधान नसतं, आणि दोन्ही एकच समजलं की पैसे एकीकडे जातात आणि ऐकणं दुसरीकडे राहतं.

नावाच्या मोहाचंही तेच. 'मला कोल्ट्रेन आवडतो' हे वाक्य आपण सहज बोलतो, पण नक्की कुठला जॉन कोल्ट्रेन? 1963 साली आलेल्या 'बॅलड्स'मध्ये तो जुन्या, लोकांच्या ओठांवरच्या प्रेमगीतांचे सूर फारसे न मोडता सॅक्सोफोनवर हळुवार म्हणतो. त्याच वर्षी गायक जॉनी हार्टमनबरोबरची रेकॉर्ड आली. ती कोणत्याही थकलेल्या संध्याकाळी लावावी. 1964च्या डिसेंबरात मुद्रित झालेली 'अ लव्ह सुप्रीम' ही चार भागांची प्रार्थनाच आहे. आणि 1965च्या जूनमध्ये त्याने आणखी दहा वादकांना घेऊन 'असेन्शन' वाजवली: सुमारे 40 मिनिटांची एकच रचना, तबकडीच्या दोन बाजूंवर विभागलेली, मधूनमधून सगळे वादक एकाच वेळी पेटून वाजवणारे. 'बॅलड्स'च्या शेवटच्या मुद्रणापासून हे अंतर फार तर अडीच-तीन वर्षांचं. नावावर विसंबून चारही रेकॉर्ड्स एका दमात घेणाऱ्याला पहिल्या तीन पटकन भावतात आणि चौथी कपाटात मागे सरकते. कारण चौथीसाठी जे मन लागतं ते रोज येत नाही, आलंच तर चाळीस मिनिटं टिकावं लागतं.

'असेन्शन'बद्दल आणखी एक गोष्ट प्रत्येक संग्राहकाने लक्षात ठेवावी अशी आहे. त्या दिवशी ही रचना दोनदा संपूर्ण वाजवली गेली. आधी त्यातलं एक वादन रेकॉर्डवर आलं. नंतर कोल्ट्रेनला दुसरं जास्त पसंत पडलं, म्हणून पुढच्या प्रतींवर ते घातलं गेलं. कव्हर तेच, कॅटलॉग क्रमांकही तोच. लेबलाजवळच्या कोऱ्या कडेवर, जिथे खाच संपते तिथे, बारीक अक्षरांत 'एडिशन टू' कोरलेलं असतं. ते पाहायला तबकडी दिव्याखाली तिरपी धरावी लागते. जमवणाऱ्यांना यात दुर्मीळतेचा आनंद मिळतो आणि तो मला समजतो. मला मात्र यात दुसरंच मोठं वाटतं. ज्याने ते संगीत केलं त्याचाही कौल पुन्हा ऐकल्यावर बदलला. मग आपण एका रात्री, एकदाच ऐकून, 'हे आपल्यासाठी नाही' असं ठरवून टाकणं किती घाईचं आहे!

टीकाकारांचीही गत वेगळी नाही. सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमनची 'फ्री जॅझ' 1960 साली मुद्रित झाली, कव्हरच्या खिडकीतून आत जॅक्सन पोलॉकचं चित्र दिसणारी. 'डाउन बीट' या जॅझला वाहिलेल्या नियतकालिकाने 1962मध्ये तिची दोन परीक्षणं छापली: एकाने पाच तारे दिले, दुसऱ्याने एकही नाही. दोघेही जाणकार आणि रेकॉर्ड एकच. अशा वेळी कोण बरोबर हा वाद मला गौण वाटतो. हे संगीत ऐकणाऱ्याकडून इतकं काही मागतं की ते द्यायची तयारी असेल तर सगळं मिळतं आणि नसेल तर नुसता कलकलाट राहतो. तयारी आज नसेल, पुढच्या हिवाळ्यात असेल.

इथे हिंदुस्थानी संगीत ऐकत वाढलेल्या मराठी श्रोत्याला एक सवय आडवी येते. भैरव सकाळचा, यमन संध्याकाळचा, मालकंस उत्तररात्रीचा, ही घडी आपल्या कानात इतकी बसलेली असते की जॅझलाही आपण तशीच वेळ नेमून देतो: बाहेर पाऊस, रात्रीचे अकरा, खोलीत मंद दिवा. क्लबमध्ये वाजणारं संगीत म्हणून रात्रीशी त्याची सांगड बसली हे खरं, पण तसा कुठलाही नेम त्यात नाही. पियानोवादक बिल एव्हान्सच्या त्रयीची 'वॉल्ट्झ फॉर डेबी' रात्रीसाठीच आहे असं अनेकजण मानतात. ती आणि 'संडे ॲट द व्हिलेज व्हॅनगार्ड' या दोन्ही रेकॉर्ड्स 25 जून 1961च्या एकाच रविवारी मुद्रित झाल्या, आणि त्या दिवशीच्या पाच बैठकांपैकी दोन दुपारच्या होत्या. लक्ष देऊन ऐका: पियानोच्या मागे ग्लास किणकिणतात, कुणीतरी हलक्या आवाजात बोलत असतं, पॉल मोशनचे ब्रश ड्रमवर घासत राहतात. मन त्रासलेलं असेल तर ही कुजबुज राग आणते, 'लोक गप्प का बसत नाहीत' असं वाटतं. एकटेपणात हीच कुजबुज सोबत होते. आणि बासवादक स्कॉट लाफारो यानंतर अकराच दिवसांनी, 6 जुलैला, मोटार अपघातात गेला हे ठाऊक झालं की त्याचा प्रत्येक सूर निराळा ऐकू येऊ लागतो. खाचेतलं काहीही बदललेलं नसताना रेकॉर्ड तीनदा बदलते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: कलाकृतीची प्रत मूडवर कशी ठरेल? चांगलं ते चांगलंच. मला हे मान्य आहे. 'फ्री जॅझ'ची योग्यता तुमच्या डोकेदुखीने कमी होत नाही. पण ती योग्यता आपल्यापर्यंत पोचते ती आपल्याच कानांतून, आणि आपल्या कानांवर दिवसाचा परिणाम होतो. म्हणूनच मूडला महत्त्व द्यायचं ते त्याच्या हाती निकाल सोपवण्यासाठी नाही, त्याचा हिशेब धरून पुन्हा ऐकण्यासाठी. दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. मूडला साजेसंच ऐकत गेलं तर ऐकणं आटतं. 'अ लव्ह सुप्रीम' उदास मनाने लावली तर ती उदासी कुरवाळत बसत नाही. बासचा तो चार सुरांचा साधा घोष तुम्हाला हाताला धरून पुढे नेतो आणि अर्ध्या तासाने तुम्ही निराळ्या जागी असता. हे बदलणंही संगीताचंच काम आहे.

याच कारणासाठी 'आता सगळं मोबाइलवर मिळतं, मग जमवायचं कशाला' हा दुसरा आक्षेप मला अर्धाच पटतो. घेण्याआधी पारखायला मोबाइलसारखं साधन नाही, ते जरूर वापरा: रेकॉर्ड हवीशी वाटली की तिची एक पूर्ण बाजू निदान दोन निरनिराळ्या वेळी ऐका, त्यातली एक वेळ कंटाळलेली असू द्या. कंटाळलेल्या मनालाही ती धरून ठेवत असेल तर पैसे खर्च करा. पण मूडच्या नावाने तयार केलेल्या याद्या प्रत्येक रेकॉर्डमधलं मऊ तेवढं वेचून एकामागोमाग लावतात. त्यात मनाला वळण देणारा अवघड तुकडा सहसा येतच नाही. एलपीची बाजू वीसेक मिनिटांची असते, क्रम वादकांनी किंवा निर्मात्याने ठरवलेला असतो, आणि सुई उचलायला उठावं लागतं म्हणून नकोसा तुकडाही आपण ऐकून घेतो. कितीतरी आवडी अशाच लागतात.

पहिल्या प्रतीचा हव्यास हा महागडा विषय आहे, त्यावर थोडं बोलतो. ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसची 'काइंड ऑफ ब्लू' 1959च्या ऑगस्टमध्ये आली. तिच्या मूळ प्रतींना आज मोठी किंमत पडते. पण 2 मार्चच्या ज्या मुद्रणातून तिची पहिली बाजू झाली, त्या वेळी मुख्य टेपयंत्र किंचित मंद चालत होतं. परिणामी मूळ प्रतींत 'सो व्हॉट'सकट पहिल्या बाजूच्या तिन्ही रचना थोड्या चढ्या सुरात आणि वेगात वाजतात. ही चूक 1990च्या दशकातल्या नव्या आवृत्त्यांमध्ये सुधारली गेली. म्हणजे सर्वांत महाग प्रत आणि वादकांनी त्या दिवशी खरोखर लावलेला सूर एकत्र मिळत नाहीत. जुन्या प्रतीचं ऐतिहासिक मोल मी नाकारत नाही, गुंतवणूक म्हणून घेणाऱ्यांशी वादही घालत नाही. ज्याला ऐकायचं आहे त्याने नीट काढलेली नवी प्रत घ्यावी आणि उरलेल्या पैशांत मनाची दुसरी एखादी अवस्था भागवणाऱ्या दोन-तीन रेकॉर्ड्स घ्याव्यात, एवढंच म्हणतो. ओरखडा पडेल या भीतीने जी वाजवताच येत नाही, ती कुठल्याच मूडची नसते.

मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्यांना वेगळा न्याय लावावा. त्या ज्या शेलॅकच्या बनत ती लाखेपासून येई, आणि लाखेचा मोठा पुरवठा भारतातून होई; दुसऱ्या महायुद्धात तो अडला तेव्हा अमेरिकेत रेकॉर्ड काढण्यावरच मर्यादा आली. एका बाजूवर साधारण तीन मिनिटं मावत. लुई आर्मस्ट्राँगची 1928ची 'वेस्ट एंड ब्लूज' या तीन मिनिटांसाठीच घडवलेली आहे. सुरुवातीचा एकट्या ट्रम्पेटचा तुकडा संपतो तोवर ऐकणारा पूर्ण जागा झालेला असतो. अशा पंचवीस रचना ओळीने ऐकल्या की थकवा येतो आणि दोष संगीताला दिला जातो. एक-दोन ऐकाव्यात आणि थांबावं. मराठी कानाला ही वाट परकीही नाही. ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवत असे, आर्मस्ट्राँगला गुरू मानत असे, आणि संगीतकार सी. रामचंद्रांबरोबर त्याने 'अलबेला' चित्रपटाच्या (1951) काळात जे काम केलं ते आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत.

राहिली गोष्ट काढून टाकण्याची. बीबॉप शैलीचा छंद लागला की आधीची स्विंग शैली बाळबोध वाटू लागते, फ्री जॅझ भिनलं की बॅलड्स गुळचट, आणि मग कपाट हलकं करण्याची लहर येते. जॅझच नकोसं होण्याचेही महिने येतात. त्या दिवसांत कुमार गंधर्व ऐका, मल्लिकार्जुन मन्सूर ऐका, नाहीतर टर्नटेबल झाकून ठेवा, पण विकू नका. मूड परततो, विकलेली रेकॉर्ड त्याच दरात परतत नाही. विकायचंच असेल तर कव्हरमध्ये एक चिठ्ठी ठेवा, कधी आणि कशा मनाने ऐकली तेवढं तिच्यावर लिहा, आणि पावसाळा, थंडी, उन्हाळा जाऊ द्या. पावसाळ्यात तबकड्या उभ्या आणि सैल ठेवा, आतला कागद दमट झाला की बदला. बुरशी लागली तर विकण्याचा प्रश्नच मिटतो. तिन्ही ऋतूंत वेगवेगळ्या मनाने ऐकूनही चिठ्ठीवर नावडीचाच शेरा पडत असेल, तर ती रेकॉर्ड ज्याला हवी आहे अशा, शक्यतो नुकतंच वाजवायला शिकणाऱ्या मुलाला द्या.