केमन द्यावी की ठेवावी?

प्रश्न : माझ्याकडे पोर्शे ७१८ केमन जीटीएस ४.० आहे. ती देऊन वापरलेली ९११ करेरा (९९२) घेऊ का? मुलगी चार वर्षांची आहे. – एक वाचक, पुणे

उत्तर : वेगासाठी बदलणार असाल, तर थांबा. तुमच्या केमनमध्ये टर्बोशिवायचे चार लिटरचे सहा सिलिंडरचे इंजिन आहे, ४०० अश्वशक्तीचे; ९९२च्या पहिल्या आवृत्तीतील करेराचे तीन लिटरचे टर्बो इंजिन ३८५ देते. करेराचा जोर दोन हजार फेऱ्यांच्या आतच मिळतो, शहरात ते सोयीचे. पण ७,८०० फेऱ्यांपर्यंत चढत जाणारा केमनचा आवाज टर्बोत नाही, आणि मला तो फार मोलाचा वाटतो. शिवाय पेट्रोलवरच्या ७१८चे उत्पादन २०२५मध्ये थांबले; विकलीत तर तशी नवी मिळणार नाही.

मात्र केमनला दोनच आसने. करेराच्या मागच्या छोट्या आसनांवर मोठी माणसे मावत नाहीत, चार वर्षांची मुलगी मावते. तिला बरोबर न्यायचे असेल, तर बदल योग्य. आधी बालआसन नेऊन करेरात बसवून पाहा, आणि इंजिन मर्यादेबाहेरच्या फेऱ्यांवर फिरवले गेले होते का, याची नोंद तपासून घ्या. घरात दुसरी गाडी असेल, तर केमन विकू नका.